लालसाठी लाल कार्ड

निभावलं, म्हणून आता हसत सांगता येतं. नाहीतर आमच्या बायू गॅस्पार गावच्या गळवाल्यांनी त्या दिवशी आपल्याच पायावर असा धोंडा पाडून घेतला होता की तो उचलायला अख्खं गाव पुरलं नसतं. आणि तो धोंडा आणून दिला कुणी? अर्लीन फॉलगूनं. ज्या विधेयकासाठी तिनं दोन वर्षं जिवाचं रान केलं, ते बुडवायला तिच्याच तोंडचं एक वाक्य निघालं.

अर्लीननं शाळेच्या खानावळीत जन्म काढला. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं लहानपणी राजमा-भात वाढलाय आणि "आधी पुढ्यातलं संपव, मग माग" म्हणून दरडावलंय. आज ते लोक पन्नाशीला टेकले, पोटं सुटली, तरी फोनवर तिचा आवाज आला की पाठ ताठ करून ऐकतात. मिस अर्लीन म्हणाली ना, मग तसंच करायचं. गळवाल्यांच्या क्लबाला याचा फार फायदा. क्लबाकडे संगणक आहे, रंगीत पत्रकं आहेत, पण माणसं गोळा होतात ती अर्लीनच्या फोनावर.

गळवाले म्हणजे विकण्यासाठी नव्हे, तर खाण्यासाठी आणि हौसेसाठी मासे धरणारे. सुट्टीच्या दिवशी पहाटे होडी पाण्यात ढकलायची, खाजणातल्या गवताच्या कडेनं गळ टाकायचा आणि वाट बघायची. कुणाची, तर लालची. तांबूस अंगाचा, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला हा मासा. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, पण आमच्याकडे ते कुणी घेत नाही. "लाल लागतायत का?" "काल होते लाल, आज कुठं गेले देव जाणे." "आज घरी लालचा रस्सा आहे, या." लाल म्हटलं की आमच्या माणसाला रंग आठवतच नाही, मासा आठवतो. हे ध्यानात ठेवा.

अर्लीनचे वडील होड्या बांधायचे. ती आणि तिचा थोरला भाऊ ओव्हिड एकाच फळीवर बसून गळ टाकायला शिकली. मोठा लाल लागला की वडील तो हळूच पाण्यात सोडायला लावत. "ती आजी आहे," म्हणत. "आजीला घरी जाऊ द्या, ती अजून पोरं पाठवील." ओव्हिड रडायचा, अर्लीन सोडायची. तेव्हापासून दोघांच्या स्वभावात जो फरक दिसायला लागला, तो कायमचा.

अर्लीन नवी नवरी होती तेव्हा शहरातल्या हॉटेलांतून लालला मसाला चोपडून, तव्यावर काळा करून खायचं खूळ निघालं. मग मोठ्या जाळ्यांची जहाजं आली आणि थव्यामागून थवे उचलून घेऊन गेली. एक साल असं आलं की ओव्हिडसारखा ओव्हिड दिवसभर गळ टाकून हात हलवत परत आला. त्या वर्षी गळवाले पहिल्यांदा बसमध्ये बसून राजधानीला गेले, आमदारांपुढे घसा फोडून ओरडले आणि ती जाळी बंद करून आले. तेव्हापासून त्यांना तेवढंच जमतं. जाळ्यांना विरोध. मागच्या दारानं दिलेल्या परवान्यांना विरोध. मासे धरायच्या लायसन्सच्या फीचे पैसे रस्त्याच्या डांबरात घालायला विरोध. चाळीस वर्षं ही मंडळी राजधानीला गेली ती फक्त "नाही" म्हणायला.

या वेळचं प्रकरण निराळं होतं. लाल पुन्हा कमी व्हायला लागले, आणि या खेपेला बोट दाखवायला जाळी नव्हती. खाजणच मरत होतं. अर्लीनच्या परसामागे जुना खोदलेला कालवा आहे. त्यातून समुद्राचं पाणी आत घुसतं आणि ज्या गवतात लालची पिल्लं वाढतात ते गवत मुळासकट वाहून जातं. तोंडावर दगडी बांध घाला, असं गाव किती वर्षं सांगत होतं. उत्तर ठरलेलं: पैसे नाहीत. मग क्लबानंच उलटा विचार केला. आमची फी वाढवा, म्हणाले, पण जादा पैसा वेगळ्या कुलपात ठेवा. खाजणं आणि मासे सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. आणि माणशी रोजचे पाच लाल चालतात, ते तीनवर आणा. आपणहून जास्त पैसे भरायला आणि कमी मासे धरायला तयार असलेली माणसं आमदारांनी तोवर पाहिली नव्हती. त्यामुळे आधी त्यांना संशयच आला.

हेच ते विधेयक. विधिमंडळाच्या समितीत ते पडलं असतं तर कायद्यानं फी वाढवायची पुढची बारी दोन वर्षांनी. तोवर बांध टेकवायला काठच उरला नसता. अर्लीनला रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो काठ दिसायचा. पावसाळी वाऱ्यानंतर कुठला तुकडा गेला हे ती नवऱ्याला मोजून दाखवायची आणि नवरा, व्हिटनी, कॉफी पीत "हं" म्हणायचा. व्हिटनी फॉलगू हा माणूस आयुष्यात "हं"च्या पुढं फारसा गेलेला नाही.

गावातून विरोध होता तो गाईड लोकांचा, म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकांना होडीतून नेऊन मासे धरून देणाऱ्यांचा. आणि त्यांचा म्होरक्या कोण? अर्लीनचा सख्खा भाऊ. ओव्हिड लिरेटचं म्हणणं सरळ होतं: डॅलसहून एवढं पेट्रोल जाळून तीन मासे धरायला कोण येणार? दोन वर्षांपूर्वी त्याची गिऱ्हाइकं धक्क्यावरच्या फळीला आपले लाल ओळीनं टांगून फोटो काढत होती. अर्लीन तिथं गेली, बोट नाचवत एकेक मासा मोठ्यानं मोजला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ओव्हिड, बाबांनी हे पाहिलं असतं तर तुझ्या हातातली गळाची काठी काढून घेतली असती." गिऱ्हाइकांचे चेहरे पडले. त्या दिवसापासून ओव्हिड तिच्याशी बोलला नाही.

सुनावणीच्या आधी क्लबाच्या वकिलानं अर्लीनला सगळं समजावून सांगितलं. समितीच्या खोलीच्या दारात टेबल असतं. त्यावर कार्डं ठेवलेली असतात. विधेयकाच्या बाजूनं असाल तर हिरवं भरा, विरोधात असाल तर लाल. आमदार भाषणं ऐकोत न ऐकोत, गठ्ठ्यांकडे बघतात. अर्लीनला पटलं. तिनं रात्रीपर्यंत फोन केले, आणि दमल्यावर माणूस जसं आखडतं घेतं तसं तिचं सांगणं फोनागणिक आखूड होत गेलं. पहिल्या दोघातिघांना तिनं हिरवं-लाल नीट सांगितलं. पुढच्या सगळ्यांना एवढंच: "दारात टेबल आहे. लालचं कार्ड उचला, नाव लिहा, आत या. कळलं?"

"कळलं, मिस अर्लीन."

न कळण्यासारखं त्यात होतं काय?

अर्लीन वकिलाबरोबर पहाटेच निघून राजधानीला पोचली. बाकीचे चर्चच्या बसमधून मागून आले, वाटेत भाताची सॉसेजं खायला थांबले म्हणून उशिरा आले, आणि ती पुढच्या रांगेत आपलं भाषण घोकत असताना गुपचूप मागं जाऊन बसले. तिनं वळून पाहिलं. सगळं गाव आलेलं. नॉन्क एल्फेज तर नवेकोरे पांढरे रबरी बूट घालून आलेला. नॉन्क म्हणजे काका. हा नात्यानं कुणाचाच काका नाही, वयानं सगळ्यांचा आहे. अर्लीनचा ऊर भरून आला. कोपऱ्यात भिंतीला टेकून ओव्हिड एकटाच उभा होता. हवा छान होती, त्यामुळे बाकीचे गाईड गिऱ्हाइकं सोडून आले नव्हते. तिनं मान फिरवली.

समितीचे अध्यक्ष स्टॅन्सबरी हे उत्तरेकडचे, पाइनच्या जंगलातले. हरणाच्या शिकारीत रमणारे, खाऱ्या पाण्याशी संबंध नाही. त्यांनी चष्मा लावला आणि कार्डांचे गठ्ठे पुढं ओढले.

"बाजूनं," ते म्हणाले, आणि थोडीशीच हिरवी कार्डं वाचून संपली. "आता विरोधात." त्यांनी दुसरा गठ्ठा उचलला. तो चांगला जाडजूड होता. "एल्फेज शॅम्पेन, बायू गॅस्पार. विरोध. बर्निस ऑकॉइन, बायू गॅस्पार. विरोध."

अर्लीनला वाटलं, आपले कान वाजतायत.

"व्हिटनी फॉलगू, बायू गॅस्पार. विरोध."

ती गर्रकन वळली. मागच्या रांगेतून व्हिटनीनं तिला अंगठा दाखवला. हसून. शेजारच्या नॉन्कनंही दाखवला. सगळी रांग तिच्याकडे बघून माना डोलावत होती, म्हणजे आम्ही आलोय, घाबरू नको.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. लालचं कार्ड! तिला म्हणायचं होतं माशाच्या बाजूचं, म्हणजे हिरवं; मंडळींनी उचललं ते रंगानं लाल. नंतर विचारलं तेव्हा नॉन्क एल्फेजनं शांतपणे सांगितलं, "अगं, मी वाचलं ना त्यावर. 'विरोध' लिहिलेलं होतं. म्हटलं, बरोबर आहे, आपण त्यासाठीच तर येतो." चाळीस वर्षांची सवय ती. आणि राजधानीचं नाव बॅटन रूज, आमच्या जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थच लाल काठी. त्या गावात जाऊन आमच्या माणसांनी हिरवं कार्ड उचलायचं म्हणजे जरा जास्तच अपेक्षा.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या वेळी गठ्ठा वाचून झाला होता आणि तिचं नाव पुकारलं गेलं होतं.

"मिसेस फॉलगू," अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण विधेयकाच्या बाजूनं बोलणार. हे व्हिटनी फॉलगू आपले कोण?"

"नवरा, साहेब."

"मग मॅडम, जे आपल्याला नवऱ्याला पटवता आलं नाही, ते आम्हाला कसं पटवणार?"

समिती हसली. अर्लीनच्या हातात लिहून आणलेलं भाषण होतं. तिनं ते खाली ठेवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं: फोन, लालचं कार्ड, सगळं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "त्यांची नाही. मी सांगितलं तसं त्यांनी केलं. ते सगळे बाजूनं आहेत, साहेब, विचारा त्यांना."

मागून एकच गलका झाला. "बाजूनं! बाजूनं!" नॉन्क उभा राहिला, बर्निस उभी राहिली. अध्यक्षांनी हातोडा आपटला.

"असं चालत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, पण हलणारा नव्हता. "कार्डं आली, वाचली, नोंदवली. आता तुम्ही म्हणता चूक झाली. उद्या कुणीही गठ्ठा बघून टोपी फिरवील. मला कसं कळणार की तुम्ही खरं सांगताय? तुम्ही तर बाजूच्याच." त्यांनी शेजारच्या आमदाराकडे पाहिलं, त्यानं खांदे उडवले. दोघंतिघं आमदार जेवणाच्या घाईत होते. अर्लीनला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की हे आता 'नाही' म्हणून मोकळे होणार. झालं. दोन वर्षं गेली, काठ गेला, बांध गेला, आणि तिच्याच तोंडून गेला. तिला रडूही येईना.

"अध्यक्षसाहेब, माझंही कार्ड आहे."

ओव्हिड भिंतीपासून निघून माइकजवळ आला होता. त्यानं टोपी काढली. अर्लीन बाजूला सरकली. आता हा उरलंसुरलं पुरणार, असं तिला वाटलं.

"ओव्हिड लिरेट, बायू गॅस्पार. धंद्यानं गाईड. माझं कार्ड लाल आहे, आणि मी ते वाचून भरलंय."

"म्हणजे आपण विरोधात."

"शेंडीपासून टाचेपर्यंत. हे विधेयक म्हणजे माझ्या धंद्याच्या पोटावर पाय आहे. पण एक गोष्ट सांगतो. या खोलीत विरोधात असलेला मी एकटा आहे." तो मागं वळला. "तो पांढऱ्या बुटातला म्हातारा बघा. दोन वर्षं झाली, मी धक्क्यावर दिसलो की ओरडतो, 'आला पाचवाला!' काय नॉन्क, ओरडतोस की नाही?"

"ओरडतो!" नॉन्क बसल्या जागेवरून म्हणाला. "उद्याही ओरडीन!"

"ती बर्निस. तिचं बर्फाचं दुकान आहे. मी दारात गेलो की तिचा बर्फ संपतो. मी वळलो की पुन्हा तयार होतो. आणि हा व्हिटनी, माझा मेहुणा. याच्या लाल कार्डावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. यानं माझ्या ट्रकच्या मागं चिकटपट्टी लावली, 'तीन पुरेत'. मी ती घेऊन गिऱ्हाइकांसकट सगळीकडे हिंडत होतो. मला कळलं तेव्हा उन्हाळा संपला होता."

अर्लीननं नवऱ्याकडे पाहिलं. हे तिलाही नवीन होतं. व्हिटनी बुटांकडे बघत "हं" म्हणाला.

समितीत आता कुणाला जेवण आठवत नव्हतं. एका आमदारबाईंनी रुमाल तोंडाला लावला होता.

"आणि ही इथं उभी आहे ती माझी बहीण," ओव्हिड म्हणाला, आणि त्याचा आवाज जरासा खाली आला. "दोन ख्रिसमस गेले, हिच्या हातचा गंबोचा रस्सा मी चाखलेला नाही. या सगळ्या लोकांनी माझ्याशी उभा दावा मांडलाय तो या तुमच्या विधेयकापायी. ते खरंच विरोधात असते, साहेब, तर मी एवढा वाळलो नसतो."

अध्यक्ष हसू दाबत होते, ते फुटलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "मिस्टर लिरेट, तुम्ही गप्प राहिला असता तर आज जिंकला होता."

"मला यांना हरवायचंच आहे," ओव्हिड म्हणाला. "पण असं नाही. कार्डाचा रंग चुकला म्हणून हरली ती, मग त्यात मी काय जिंकलो?"

तो टोपी घालून पुन्हा भिंतीशी जाऊन उभा राहिला.

मतं घेतली. रुमालवाल्या आमदारबाई म्हणाल्या, "मी इथं बरीच वर्षं बसतेय. आपल्या विरोधकांसाठी साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस आज पहिल्यांदा पाहिला. ज्या गावात अशी भांडणं होतात, त्या गावाच्या हातात पैसे द्यायला माझी हरकत नाही." त्यांनी हात वर केला, आणि एका मतानं विधेयक पार झालं. पुढं दोन्ही सभागृहांतून ते धापा टाकत, रडतखडत का होईना पार पडलं. पण आमच्या लेखी ते त्याच खोलीत झालं.

बाहेर वाहनतळावर ओकच्या सावलीत गावकऱ्यांनी अर्लीनला घेरलं. तिनं आधी नॉन्कला झापलं, मग बर्निसला, मग नवऱ्याला विचारलं, "तुला डोळ्याच्या डॉक्टरकडे कशासाठी नेलं मी? रंग कळत नाहीत?" व्हिटनी म्हणाला, "तू म्हणालीस लालचं." माणसं हसत बसकडे निघाली आणि ती मागं राहिली. ती एका ट्रकच्या मागच्या फळीला टेकली आणि ढसाढसा रडली. छातीवरून एवढं मोठं ओझं उतरलं होतं की नुसतं श्वास घेतल्यानंही रडू येत होतं.

तो ट्रक ओव्हिडचा होता. तो किल्ली हातात घेऊन आला आणि थबकला.

"रडतेस काय, टी? जिंकलीस ना?" लहानपणापासून तो तिला 'टी' म्हणतो, म्हणजे बारकी. दोन वर्षांत हा शब्द तिच्या कानावर पडला नव्हता.

"म्हणून तर रडतेय, गाढवा."

"अजब बाई आहेस." तो किल्लीशी चाळा करत राहिला. "मी अजून विरोधातच आहे हां. गिऱ्हाइकं आली नाहीत तर तुझ्या दारात आणून उभी करीन."

"कर. जेवायला घालीन त्यांना." तिनं नाक पुसलं. "तू बोललास कशाला पण? गप्प राहिला असतास तर?"

ओव्हिडनं बसकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"गप्प राहिलो असतो तर तू मरेपर्यंत 'माझ्यामुळे गेलं, माझ्यामुळे गेलं' करत त्या खिडकीशी उभी राहिली असतीस," तो म्हणाला. "आपल्या दोन घरांत एक कुंपण आहे फक्त. मला सगळं ऐकू येतं, टी."

बसच्या दारातून व्हिटनी हात करत होता. तिनं त्याला तू जा म्हणून खूण केली, ट्रकचं दार उघडलं आणि आत चढून बसली.